मुंबई–पुणे लोहमार्ग: बोरघाटाच्या एका चढाचा इतिहास

प्रश्न तीन आहेत. मुंबई–पुणे रेल्वे नक्की कधी सुरू झाली, १८५८ साली की १८६३ साली? खंडाळ्याजवळ गाडी उलट्या तोंडाने निघायची म्हणतात, ते काय होतं आणि बंद का झालं? आणि आजची इंजिनं इतकी ताकदवान असताना कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिनं का जोडावी लागतात?

तिन्ही उत्तरं एका आकड्यापाशी येऊन मिळतात: ३७ ला १. म्हणजे रूळ ३७ मीटर पुढे जातो तेव्हा १ मीटर वर चढतो. रस्त्यावर हा चढ कुणाला जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा हा फार मोठा चढ असतो. तुलना करायची तर, रेल्वे स्टेशनच्या यार्डात ४०० ला १ पेक्षा जास्त उतार ठेवू नये असा आपल्याकडचा नियम आहे. १८५० च्या दशकात बोरघाटासाठी ३७ ला १ हा चढ ठरला आणि या मार्गावर पुढे जे काही बदललं, त्यातलं बहुतेक सगळं त्या चढाशी जुळवून घेण्यासाठी बदललं.

आधी तारखा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. हा मार्ग मुंबईकडून पुण्याकडे सलग पुढे सरकत बांधला गेला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी (जुने लोक तिला ‘जीआयपी’ म्हणत) १८४९ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली होती. बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा टप्पा १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाला. ठाणे ते कल्याण १ मे १८५४ ला. कल्याणहून उल्हास नदीच्या खोऱ्याने नेरळ, कर्जत, पळसदरी करत रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचले ते १२ मे १८५६ ला. तिथे वाट अडली, समोर सह्याद्रीची भिंत होती.

पण घाट पुरा होईपर्यंत वरचं काम थांबवून ठेवलं नाही. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग वेगळाच बांधून १४ जून १८५८ ला सुरू केला. पुण्यापलीकडे दौंड, कुर्डुवाडी करत रूळ १८६० साली सोलापूरलाही पोहोचले. पळसदरी ते खंडाळा हा मधला घाटाचा तुकडा मात्र सगळ्यात शेवटी जोडला गेला. त्याचं औपचारिक उद्घाटन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते २१ एप्रिल १८६३ ला झालं आणि वाहतूक १४ मे १८६३ पासून सुरू झाली. म्हणून ‘पुण्यात रेल्वे १८५८ साली आली’ हेही खरं आणि ‘मुंबई–पुणे सलग रेल्वे १८६३ साली झाली’ हेही खरं. कुणी नुसतं एकच साल सांगितलं तर कोणत्या टप्प्याचं, हे विचारून घ्यावं.

मधल्या पाच वर्षांत पुण्याला जाणारा माणूस मुंबईहून खोपोलीपर्यंत रेल्वेने यायचा, तिथून घाटरस्त्याने पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून खंडाळा गाठायचा आणि वर पुन्हा रेल्वेत बसायचा. हा घाटरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली गाडीवाटेसाठी खुला झाला होता. रेल्वेच्या इतिहासात या रस्त्याचं श्रेय फार कमी वेळा दिलं जातं. खंडाळा–पुणे मार्गाचे रूळ, इंजिनं, डबे, सगळं याच रस्त्याने ओढून वर न्यावं लागलं, कारण मुंबई बंदरात उतरलेला माल देशावर चढवायला दुसरी वाटच नव्हती.

आता घाट. जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले. प्रसिद्ध इंग्रज रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. बर्कलेंपुढचा प्रश्न असा होता: पळसदरीजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फूट उंचीवरून निघायचं आणि लोणावळ्याच्या सुमारे २,०२७ फुटांपर्यंत चढायचं. म्हणजे १,८३१ फूट, ५५८ मीटर. सह्याद्रीचा कडा इथे जवळजवळ उभा आहे, सरळ वाट नाही. पण मुख्य डोंगररांगेतून एक लांब सोंड कोकणात उतरते. तिच्या एका बाजूला उल्हासचं खोरं, दुसऱ्या बाजूला खोपोलीची दरी. बर्कलेंनी मार्ग या सोंडेवर चढवला. कधी या कुशीने, कधी त्या कुशीने, मधले सुळके बोगद्यांनी भेदत आणि घळी कमानींच्या पुलांनी ओलांडत.

जुन्या कागदांत या मार्गाची लांबी ‘१५ मैल ६८ चेन’ दिलेली असते. ८० चेनचा एक मैल, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलोमीटर. १,८३१ फूट चढ या लांबीवर पसरला की सरासरी ४६ ला १ येते. मधे काही ठिकाणी चढ सौम्य आहे, काही तुकडे जवळजवळ सपाट आहेत, आणि जिथे डोंगराने सवलत दिली नाही तिथे कमाल ३७ ला १. इंजिन निवडताना सरासरीचा उपयोग नसतो. सगळ्यात कठीण जागी गाडी अडली तर ती अडलीच. म्हणून हिशेब नेहमी ३७ चा.

मूळ मार्गावर २५ बोगदे होते, त्यांची एकूण लांबी साडेतीन किलोमीटरहून थोडी जास्त. शिवाय आठ मोठे कमानी पूल आणि कितीतरी लहान पूल. आज कुणी ‘घाटात पन्नासाहून जास्त बोगदे आहेत’ म्हणालं तर तेही चूक नाही. आता घाटात तीन मार्ग आहेत, अप, डाउन आणि मिडल, आणि त्या तिन्हींचे बोगदे मिळून तो आकडा येतो.

हे खोदकाम कशाने केलं, ते समजून घेण्यासारखं आहे. डायनामाइटचं पेटंट १८६७ सालचं, म्हणजे घाट सुरू झाल्यानंतरचं. इथे फक्त काळी सुरुंगाची दारू होती. काळ्या कातळात पहारीने हाताने भोक पाडायचं: एक जण पहार धरून प्रत्येक ठोक्यानंतर ती थोडी फिरवतो, दुसरा घण घालतो. भोक पुरेसं खोल झालं की भुकटी काढायची, दारू भरायची, वरून माती ठासायची, वात पेटवून बाजूला व्हायचं. डोंगर डोक्यावर इतका उंच की बोगद्याच्या मध्यावर वरून विहिरीसारखा उभा खड्डा पाडून चार तोंडांनी काम करण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. दोनच तोंडं, आणि दोन्हीकडून रोज थोडं थोडं पुढे सरकायचं. काही ठिकाणी तोंडापर्यंत जायला पायवाटही नव्हती, माणसं दोराने कड्यावरून खाली सोडली गेली. दख्खनचा कातळ थरांचा आहे. कठीण बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये झिजलेला, मऊ, पाणी धरणारा थर असतो. कठीण थर पहारीचं टोक बोथट करतो आणि मऊ थर पावसात सुटतो. आजही घाटात दरड येते ती बहुधा अशा सांध्यातूनच.

काम २४ जानेवारी १८५६ ला सुरू झालं. कंत्राटदार विल्यम फेव्हियल. बोरीबंदर–ठाणे मार्ग बांधणाऱ्या जोडीतला हा एक. कामाचा हंगाम वर्षाला जेमतेम आठ महिने, पावसात घाटात उभं राहणंही कठीण. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, सोबत पटकी आणि ताप. मुख्य कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम आणि शेवटी मजूर अशी उतरंड होती आणि पैसा वरून खाली येईपर्यंत अडायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मोठा दंगा झाला, चौकशी बसली आणि त्याच वर्षी फेव्हियलने कंत्राट सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वर्षअखेरीस इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच आजाराने मरण पावला. पुढे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्या नावावर चाललं. प्रत्यक्ष जागेवरचं व्यवस्थापन अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांकडे होतं. १८६१ च्या सुमारास घाटात ४२,००० पर्यंत माणसं कामावर होती. त्यातल्या हजारोंचा या डोंगरात अंत झाला. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत, आणि या मार्गाबद्दल बोलताना बर्कलेंचं नाव घेतलं की हेही सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं. बर्कले स्वतःही आजारी पडून इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. पुरा झालेला घाट त्यांना पाहायला मिळाला नाही.

घाईत झालेल्या बांधकामाची किंमत लवकरच मोजावी लागली. १९ जुलै १८६७ ला, ऐन पावसाळ्यात, घाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला. जुन्या कागदांत त्याचं नाव ‘म्हाऊ-की-मल्ली’ असं येतं. दोष चिरेबंदीत होता. दर्शनी भागात घडीव दगड, पण आतला भराव मजबूत नव्हता आणि चुन्याचा दर्जाही कमी. अशा खांबाच्या आत पाणी शिरलं की आतला भराव सुटतो, बाहेरचा चिरा उभा दिसत राहतो आणि एक दिवस सगळं एकदम खाली येतं. त्यानंतर जीआयपीच्या दगडी पुलांची कसून तपासणी झाली आणि बरेच पूल नव्याने बांधावे लागले.

आता उलट्या तोंडाच्या गाडीबद्दल. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. सोंडेवरून चढत मार्ग खंडाळ्याच्या अलीकडे आला की डोंगर इतका अरुंद होतो आणि बाजूला दरी इतकी खोल की गाडी वळवून पुढे उंची गाठायला लागणारी मोठ्या त्रिज्येची वळणवाट तिथे बसत नव्हती. मग उपाय असा केला: गाडी वर येऊन एका सपाट टोकाशी थांबवायची. तो मार्ग तिथेच संपतो, पुढे कडा. इंजिन दुसऱ्या टोकाला आणायचं, मागचा डबा पुढचा होतो, सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा) वरच्या मार्गाकडे फिरवला जातो आणि गाडी आल्या दिशेच्या उलट निघून पुढचा चढ चढू लागते. इंग्रजी ‘झेड’ अक्षर कसं लिहितात ते डोळ्यासमोर आणा, गाडी त्या रेषांवरून जाते. नाशिककडच्या थळ घाटातही असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं.

या युक्तीने त्या वेळी लांब बोगद्यांचा खर्च वाचला, पण तिचे तोटे कायम राहिले. पहिला तोटा वेळेचा: प्रत्येक गाडी थांबणार, इंजिन सुटणार, फिरणार, जुळणार, ब्रेक तपासले जाणार. दुसरा लांबीचा: त्या टोकावर जेवढी गाडी मावेल तेवढीच लांब गाडी घाटातून नेता येते, इंजिन कितीही मोठं आणलं तरी. रिव्हर्सिंग स्टेशन बंद होण्यामागे हे दुसरं कारण मोठं आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. तिसरा तोटा धोक्याचा: उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटला तर समोर रुळाचं टोक आणि त्यापुढे दरी.

वाफेच्या काळात घाटासाठी खास इंजिनं होती. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, म्हणजे पाण्याचं वजनही चालत्या चाकांवर पडून पकड वाढते. उतरताना मात्र खरी परीक्षा ब्रेकची. सगळ्या डब्यांना एकत्र लागणारे ब्रेक येण्याआधी गार्ड आणि ब्रेकवाले ब्रेकची हातचाकं फिरवून एकेका डब्याचा ब्रेक आवळत. आवळ कमी पडला तर गाडी धावत सुटते. जास्त झाला तर चाक फिरायचं थांबून रुळावर घासत जातं, आणि घासणाऱ्या चाकाची पकड फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते. म्हणजे घाबरून ब्रेक जास्त आवळला तर गाडी आणखी सुटते.

यावर घाटात केलेला बंदोबस्त आजही पाहायला मिळतो: कॅच सायडिंग. मुख्य मार्गाला फुटणारा, चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा रूळ. इथला सांधा नेहमी या सायडिंगकडे वळवलेला असतो. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी पूर्ण थांबते, म्हणजे चालकाचा गाडीवर ताबा आहे हे सिद्ध होतं, आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवून तिला पुढे सोडतात. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप चढावर जाऊन वेग गमावते. पुण्याहून येताना मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी विनाकारण थांबल्यासारखी वाटते, त्यामागे हे कारण असतं. कॅच सायडिंग आणि स्लिप सायडिंग यांत गल्लत करू नये. स्टेशनच्या दिशेने ८० ला १ पेक्षा तीव्र उतार असेल तर सुटून येणारी गाडी स्टेशनात घुसू नये म्हणून कॅच सायडिंग. स्टेशनपासून बाहेरच्या दिशेने १०० ला १ पेक्षा तीव्र उतार असेल तर स्टेशनातला डबा घरंगळत बाहेर पडू नये म्हणून स्लिप सायडिंग.

शब्दांचा आणखी एक घोळ. मध्य रेल्वेवर मुंबईपासून दूर जाणारी गाडी ती ‘डाउन’ आणि मुंबईकडे येणारी ती ‘अप’. त्यामुळे बोरघाटात डाउन गाडी वर चढते आणि अप गाडी खाली उतरते. अपघातांचे किंवा खोळंब्याचे जुने अहवाल वाचताना हे डोक्यात ठेवलं नाही तर सगळं उलटं समजतं.

आता वीज. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. त्यानंतर वीज घाटाकडे निघाली आणि कल्याण–पुणे मार्गावर ५ नोव्हेंबर १९२९ ला विजेची वाहतूक सुरू झाली, १,५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर). रेल्वेने त्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा इथे स्वतःचं वीजघर उभारलं. त्याच सुमारास खंडाळ्याजवळ लांब बोगदे खोदून नवा मार्ग टाकला आणि रिव्हर्सिंग स्टेशन कायमचं बंद झालं. मी या दोन गोष्टी एकत्रच पाहतो. विजेचं इंजिन जास्त लांब आणि जड गाडी ओढू शकतं, पण रिव्हर्सिंग स्टेशनात ती मावली नसती. आणि नुसते लांब बोगदे खोदून वाफेचीच इंजिनं ठेवली असती, तर चढावर जोर लावणाऱ्या इंजिनाच्या धुराने त्या बोगद्यांत माणसं गुदमरली असती.

मालगाड्यांसाठी स्विस बनावटीचं एक अजब इंजिन आलं. मधे केबिन आणि पुढे-मागे दोन लांब नाकं, वळणावर ती वेगवेगळी वळतात. जगभर त्याला ‘मगर’ म्हणत, आपल्याकडे ‘खेकडा’. अधिकृत नाव आधी ईएफ/१, नंतर डब्ल्यूसीजी-१. त्याची खरी करामत उतारावर होती. घाट उतरताना त्याच्या मोटारी जनित्र होत आणि तयार झालेली वीज तारेत परत जाई. उतरणारी मालगाडी तेव्हाच चढणाऱ्या गाडीला मदत करी. डीसी यंत्रणेत ही वीज घेणारं दुसरं कुणीतरी त्याच वेळी त्या तारेवर असावं लागतं, नाहीतर ब्रेकचा जोर मिळत नाही. म्हणून साधे ब्रेक कायम हाताशी ठेवावेच लागत.

या बदलाचं सगळ्यांना माहीत असलेलं फळ म्हणजे १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणी. सात डब्यांचे दोन संच, सांगाडे इंग्लंडहून आलेले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेले. ‘भारतातली पहिली विजेची गाडी’ असं तिच्याबद्दल लिहिलेलं दिसतं, ते बरोबर नाही. तो मान कुर्ल्याच्या लोकलचा. विजेवर धावणारी लांब पल्ल्याची पहिली आलिशान गाडी म्हणणं योग्य. रिव्हर्सिंग स्टेशन असतं तर अशी गाडी वेळापत्रकात बसलीच नसती.

शेवटचा प्रश्न, कर्जतच्या बँकर म्हणजे मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा. इथे थोडं गणित करू. २२ डब्यांची भरलेली गाडी धरा, डबा साधारण ५० टन, म्हणजे १,१०० टन. पुढचं इंजिन १२३ टनांचं. एकूण सुमारे १,२२० टन. ३७ ला १ चढावर गुरुत्वाकर्षण या वजनाचा सदतिसावा भाग मागे खेचतं, म्हणजे ३३ टन. वळणं आणि चाकांचं घर्षण धरून आणखी पाच-सहा टन. नुसती गाडी चालती ठेवायला ३८-३९ टनांचा जोर हवा. आता इंजिनाकडे बघा. मोटार कितीही दणकट असली तरी चाक घसरण्याआधी रूळ जेवढी पकड देईल तेवढाच जोर कामी येतो. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण पाव, म्हणजे ३० टनांच्या आसपास. ओल्या रुळावर ती २५ टनांखाली येऊ शकते, आणि बोगद्याच्या तोंडाशी पावसाळ्यात रूळ ओला असतोच. म्हणजे एकटं इंजिन चढूच शकत नाही. मागे दोन बँकर लावले की एकूण पकड ऐंशी-नव्वद टनांपर्यंत जाते. एवढी शिल्लक हवीच, कारण गाडी घाटात सिग्नलला थांबली तर त्याच चढावर ती पुन्हा हलवावी लागते.

मग सगळी इंजिनं पुढेच का नाही जोडत? कारण पुढच्या पहिल्या कपलिंगवर (डबे जोडणाऱ्या दुव्यावर) संपूर्ण गाडीचा ताण येतो. मागून ढकलल्यावर तो ताण वाटला जातो: पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात. आणि कपलिंग तुटलंच तर सुटलेले डबे मागे घरंगळायच्या आत मागचं इंजिन त्यांना धरून ठेवतं. इंजिन मागे असण्यात जोराइतकीच ही राखणही महत्त्वाची आहे. बँकर कर्जतला जोडतात आणि लोणावळ्याला सोडतात. तो थांबा होता म्हणून कर्जतच्या फलाटावरच्या बटाटेवड्याला नाव मिळालं, हेही या ३७ ला १ चंच देणं.

डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) येण्यामागेही हाच हिशेब. ४,५०० किलोवॉटच्या इंजिनाला १,५०० व्होल्टवर ३,००० अँपिअर लागतात, २५,००० व्होल्टवर फक्त १८०. घाटात एकाच तुकड्यात तीन-तीन इंजिनं जोर लावत असताना डीसीचा प्रवाह तारेला पेलवत नाही. विजेचा दाब (व्होल्टेज) पडतो आणि नेमकं हवं तेव्हा इंजिन मलूल होतं. म्हणून डीसीच्या काळात घाटात जाड तारा आणि जवळजवळ सबस्टेशनं ठेवावी लागत. बदल टप्प्याटप्प्याने झाला. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं वापरली आणि २०१५ साली मुंबईपर्यंतचं रूपांतर पुरं झालं.

१० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय हा घाट चढते. तिला निराळं इंजिनच नाही. निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. साधी गाडी इंजिनाच्या १२३ टन वजनावर मिळणाऱ्या पकडीवर चढू पाहते, तर इथे जवळजवळ निम्म्या गाडीचं वजन पकडीसाठी कामी येतं. दीडशे वर्षं इंजिनं मोठी करत राहिलो, शेवटी चालती चाकं गाडीभर वाटल्यावर प्रश्न सुटला. मालगाड्या आणि बाकीच्या मेल-एक्सप्रेससाठी बँकर अजून आहेतच.

दरडींचं मात्र कुठल्याही इंजिनाने मिटत नाही. पावसाळ्याआधी घाटात डोंगरावर चढून सैल झालेले दगड पहारीने आधीच पाडतात, कड्यांना जाळ्या बसवतात, बोगद्यांची तोंडं पुढे वाढवतात म्हणजे वरून पडणारा धोंडा छतावर पडेल, आणि पावसात गस्तवाले रुळावरून फिरतात. तरीही २०१९ च्या पावसाळ्यात घाटातली वाहतूक वारंवार बंद ठेवावी लागली.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर दोन-तीन सूचना. मुंबईहून जाताना मंकी हिलच्या आसपास डाव्या हाताला उल्हासचं खोरं उघडतं, ती बर्कलेंची सोंड कशी निवडली ते तिथे कळतं. रिव्हर्सिंग स्टेशनची जागा खंडाळ्याजवळ, अमृतांजन पूल होता त्या परिसरात. तो १८३० सालचा रस्त्याचा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. जुनी कागदपत्रं धुंडाळणार असाल तर ‘कँपूली’ म्हणजे खोपोली, ‘पडुसधरी’ म्हणजे पळसदरी, ‘किर्की’ म्हणजे खडकी हे लक्षात ठेवा. तिथे ‘भोर घाट’ असं लिहिलेलं असतं तो आपला बोरघाट, पुण्याच्या दक्षिणेकडच्या भोर गावाशी त्याचा घोळ करू नका.

आणि एकदा पळसदरीला उतरा. तिथे मार्ग दुभंगतो. पुण्याचे रूळ चढायला लागतात आणि खोपोलीचे रूळ सपाट पुढे जातात. आज खोपोलीची वाट शाखा म्हणून ओळखली जाते, पण १८५६ साली तीच मुख्य होती. खोपोलीच्या लोकलने शेवटपर्यंत गेलात तर रूळ घाटाच्या पायथ्याशी संपतात. पुण्याचा उतारू सात वर्षं इथेच गाडीतून उतरून पालखी आणि तट्टू शोधत होता.